अकरा कपड्यांचे मयेकर

आमचे शेजारी मयेकर भावजी पावसाळ्यात कमरेखाली दिसत नाहीत. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. त्यांच्याकडे तीन पँटी आहेत आणि तिन्ही जांभ्या दगडाच्या रंगाच्या. रस्त्याच्या कडेला जांभ्याच्या गडग्याला पाठ लावून ते रिक्षाची वाट बघत उभे राहिले, की दगडात दगड मिसळतो आणि वर नुसता एक आकाशी शर्ट, चष्मा आणि छत्री उरते. ओळखीचे रिक्षावाले थांबतात. नवखा असेल तर वेग वाढवून निघून जातो.

हा रंग त्यांना सहज मिळालेला नाही. ते जांभ्याचा एक तुकडा पिशवीत घालून बाजारात गेले, कापडवाल्याच्या काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, “ह्याला मॅच होईल असं दाखवा.” त्या माणसानं मॅचिंगसाठी आलेल्या साड्या जन्मभर बघितल्या होत्या, दगड पहिल्यांदाच बघितला. घरी येऊन भावजी मला म्हणाले, “आपला चिखल लाल आहे ना वहिनी, मग पँट पण लाल. उडू दे किती उडायचाय तो. दिसणारच नाय.”

आता यात खोट काढायला जागा आहे का सांगा. म्हणूनच मला त्यांचा राग यायचा. खुळ्या माणसाला हसता येतं. जो खुळ्यासारखा वागतो आणि बरोबर असतो, त्याचं काय करायचं?

भावजींचे सगळे मिळून अकरा कपडे आहेत. आतले धरत नाहीत. एक नवा आला की एक जुना जातो, बारावा घरात राहत नाही. निवृत्त होण्याआधी ते सरकारी कचेरीत भांडारपाल होते. मोडकी खुर्ची, गंजलेलं फावडं असं सामान कागदावरून कायमचं काढून टाकायचं, त्याला तिकडे निर्लेखन म्हणतात. तो शब्द ते घरी घेऊन आले. कुणाच्याही दोरीवरचा कपडा चिमटीत धरायचे आणि विचारायचे, “वापरात आहे का?” समोरचा वायच अडखळला, की लगेच निकाल. “नाय ना? मग निर्लेखित.”

एवढा आटापिटा कशासाठी, असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं. “पुण्याला जायचंय ना.” त्यांचा मुलगा नीलेश पुण्याला असतो. त्यांची बायको, सुमतीवहिनी गेल्यावर मागे भावजी एकटे. नीलेशकडे कायमचं राहायला जायचं, एवढी एकच गोष्ट आता त्यांना आयुष्याकडून हवी आहे. गणपती झाले की जातो, शिमगा झाला की जातो, असं करत त्या जाण्याला पाच वर्षं झाली.

या पाच वर्षांत त्यांनी कपड्यांच्या परीक्षा घेतल्या. ऐन आषाढात प्रत्येक कपडा धुऊन पडवीतल्या वलणीवर टाकायचा आणि दोन दिवसांत वाळला तर पास. जीन्स नापास झाली. “ही कोकणातल्या माणसानं घालायची वस्तू नव्हे. ओली घालायची, ओलीच काढायची, मधे नुसता वास.” पांढरा रंग तर परीक्षेलाच बसू दिला नाही. काजूच्या बोंडाचा डाग पांढऱ्यावर पडला, की तो माणसाबरोबरच जातो. रेशमाला श्रावणात बुरशी येते, म्हणून रेशीम बाद. मखमल बघून तर ते हात जोडायचे.

दापोलीला माझ्या भाचीचं लग्न होतं. भावजी आले ते आकाशी शर्ट घालून. आदल्याच आठवड्यात आमच्या आळीत एक मयत झालं होतं, तेव्हाही हाच शर्ट. मी बाजूला घेऊन विचारलं, “भावजी, जरा लाज?” ते शांतपणे म्हणाले, “मयताला बाही वर, लग्नाला बाही खाली. आज खाली आहे, बघा.” मांडवात सगळे पुरुष भरजरी शेरवानीत घामानं चिंब होऊन, मुंडावळ्या नसलेल्या नवरदेवासारखे फिरत होते. कोरडे असे एकटे भावजी होते. आमच्या ह्यांनी त्या दिवशी शेरवानी भाड्यानं आणली होती आणि तिचं गळ्याचं बटण उघडायला दोन माणसं लागली.

ह्यांचं कपाट भावजींनी एकदा तपासलं. तेवीस शर्ट निघाले, त्यातले वापरात सात. वर आहेरात आलेले शर्टपीसचे खोके. त्यातला एक खोका भावजींनी उलटा करून दाखवला. तळाशी पेन्सिलीनं बारीक फुली होती. “ही माझी खूण,” ते म्हणाले. “हा पीस मी तीन वर्षांमागं हेदवीला माझ्या मेव्हण्याला आहेर केला होता.” तो खोका कुठल्या कुठल्या घरांतून फिरून आमच्याकडे आला, देव जाणे. एकानंही तो फोडला नव्हता. आमच्याकडे माणसं एकमेकांना प्रेमानं काय देतात, ते मला त्या दिवशी नीट समजलं.

माझ्या कपाटाला त्यांनी हात लावला नाही, तेवढी मर्यादा त्यांना आहे. फक्त जाता जाता म्हणाले, “वहिनी, तुम्ही सहाच साड्या नेसता हां. मी पाच वर्षं बघतोय.” मी चिडले. म्हटलं, बायकांच्या साड्या मोजत बसता, दुसरा उद्योग नाही काय मेला? मग ते गेल्यावर कपाट उघडून बघितलं. बेचाळीस होत्या. नेसत होते सहा. उरलेल्या छत्तीस मी कुणासाठी ठेवल्या होत्या, याचं मला आजही उत्तर देता येत नाही. मुलगी अमेरिकेत आहे आणि ती साडी नेसत नाही.

आता या अकरा कपड्यांचं मूळ सांगते. सुमतीवहिनींचे दिवसवार झाल्यावर नीलेश वडलांना पुण्याला घेऊन गेला. दोन खोल्यांचा ब्लॉक, त्यात नवराबायको आणि एक मूल. भावजींच्या दोन बॅगा चार महिने जेवणाच्या टेबलाखाली राहिल्या. जेवताना सगळ्यांचे पाय बॅगांना लागायचे. शेवटी एक दिवस नीलेश म्हणाला, “बाबा, तुमच्या सामानाला नीट जागा केली, की मी स्वतः न्यायला येतो.” आणि त्यांना परत आणून सोडलं.

त्या वाक्याचा अर्थ आमच्या आळीतल्या शेंबड्या पोरालाही कळला. एकट्या भावजींना कळला नाही. जन्मभर भांडार सांभाळलेला माणूस. कुणी ‘जागा नाही’ म्हणालं, की त्यांच्या लेखी ती खरोखर जागेचीच अडचण. निघायच्या आधी त्यांनी नातवाच्या कपाटातला खालचा रिकामा खण टेपनं मोजून आणला होता. घरी आल्यावर सुताराकडून त्याच मापाची प्लायवूडची पेटी करून घेतली. पेटीत मावेल तेवढंच ठेवायचं, बाकी निर्लेखित. झाकण बसलं तेव्हा आत अकरा कपडे होते. त्या दिवशी त्यांनी नीलेशला फोन केला. नीलेश म्हणाला, “अरे वा, बघू या.” ते बघू या अजून चालू आहे.

मी त्यांना हे तोंडावर सांगितलं असतं. माझी जीभ काही कुणाचं राखत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण दर वेळी ते ती पेटी उघडून दाखवायचे, आतल्या घड्या इतक्या नीट असायच्या, की तोंडापर्यंत आलेलं मी गिळायची. हा माझा भित्रेपणा. चांगुलपणा म्हणून कुणी खपवू नये.

यंदा मे महिन्यात नीलेश, सूनबाई आणि नातू गाडी घेऊन दोन दिवस आले. आंब्यांसाठी आले, हे मी स्पष्ट सांगते. भावजींनी पेटी पुसून पडवीत आणून ठेवली. सूनबाईनं झाकण उघडलं आणि तिचे डोळेच मोठे झाले.

“बाबा, ह्याला कॅप्सूल वॉर्डरोब म्हणतात. मोजक्याच कपड्यांत सगळं भागवायचं, लोक पैसे भरून शिकतात हे.”

मग तिनं एकेक कपडा बाहेर काढून पडवीच्या कठड्यावर मांडला, फोटो काढले, भावजींना मधे उभं करून व्हिडिओ केला. भावजी सांगत होते, कुठला किती तासांत वाळतो, कुठल्यावर काय शोभतं. मी गडग्याच्या अलीकडून बघत होते. पाच वर्षांत त्यांना कुणी एवढे प्रश्न विचारले नव्हते. जेवणं होईपर्यंत तो व्हिडिओ शेकडो लोकांनी पाहिला होता. किती गोड आजोबा, असं परक्या बायका लिहीत होत्या. नीलेशनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी भरली. आंब्याच्या पेट्यांनी डिकी भरली, मग मागची सीट निम्मी भरली. कोकम, फणसाचे गरे, भाजणीचे डबे. पेट्या उचलून द्यायला भावजीच होते, त्या वयात. शेवटी पडवीत एक प्लायवूडची पेटी तेवढी राहिली. नीलेशचं तिकडे लक्ष गेलं. तेवढं तरी गेलं.

“बाबा, पुढच्या वेळी नक्की. आत्ता बघताय ना, जागाच नाही.”

“बरोबर आहे,” भावजी म्हणाले. “आंबा थांबत नाय. कपड्यांचं काय, ते टिकतात.”

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी ते हात हलवत होते. मला त्या पोराचा इतका संताप आला, की मी तशीच घरात गेले आणि ह्यांच्यावर कारण नसताना ओरडले. नीलेश लहानपणी माझ्याकडे शिकवणीला यायचा. उत्तर चुकलं की खोडून पुन्हा लिहायला लावायची. तेवढंच शिकवलं मी, बाकी काही नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला भावजी आमच्याकडे आले. हातात एक राखाडी स्वेटर आणि एक लेंगा, दोन्हीच्या कडक घड्या. मला वाटलं, आता तरी कळलं असेल. खरं सांगते, मला बरंही वाटलं.

“वहिनी, हे दोन कुणाला तरी द्या. रत्नागिरीत स्वेटर काय करायचाय, पुण्याच्या थंडीसाठी ठेवला होता. पण पेटी मोठी होते हो. चूक माझीच. मी कपाटाचं माप घेतलं, गाडीचं घेतलंच नव्हतं.” ते खुर्चीत टेकले. “आज सकाळी आंबे भरताना ते टेपनं मोजून घेतलं. पुढच्या सीटच्या पायाशी तेरा इंच मिळतात. नऊ कपड्यांची पिशवी तिथं आरामात बसते.”

मी स्वेटर हातात घेतला. आणि जिभेनं दगा दिला, जे इतकी वर्षं गिळलं ते निसटलंच.

“आणि भावजी, तुम्ही कुठे बसणार?”

त्यांनी ते मोजलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मला जीभ छाटून टाकावीशी वाटली. त्यांनी माझ्या हातातल्या स्वेटरची घडी सारखी केली. मग समजूत माझी काढायची असल्यासारखे हळूच म्हणाले, “माझं काय वहिनी, कपडे गाडीतून पुढे जाऊ देत. मी मागून एस्टीनं जाईन. एस्टीत जागा मिळते.”