दोन बरण्यांची पावडर

धाकटीच्या पट्टीचा टणकपणा एकशे दहा भरला, हे प्रमुख मॅडमनी साऱ्या प्रयोगशाळेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं आणि गुरुजींना चहाचा ठसका लागला.

गुरुजी म्हणजे तिथले सर्वांत जुने संशोधक, धाकटी सर्वांत नवी. काम दोघांचं एकच. मॅग्नेशियमच्या पट्टीत बारीक चर पाडायचा, त्यात सिरॅमिकची पावडर ठासायची आणि वरून गरगर फिरणारी दांडी दाबत न्यायची. घर्षणानं धातू न वितळताच मऊ पडतो, पावडर त्यात मुरते, पृष्ठभाग टणक होतो. गुरुजींचा आकडा मात्र तीन वर्षं ऐंशीच्या पुढे सरकत नव्हता. आणि ही पोरगी येऊन जेमतेम सहा महिने!

"हिची पावडरच भारी असणार," त्यांनी मनाशी ठरवलं.

दुपारी सगळे जेवायला गेले तसे गुरुजी दोन्ही बरण्या घेऊन बसले. तिची पावडर आपल्या बरणीत, आपली तिच्या बरणीत, एवढाच बेत. दोन्ही ढीग कागदावर ओतले आणि नेमकी शिंक आली. अशी जोरदार, की दोन्ही ढीग टेबलभर एक झाले. राखाडी पावडर ती, कुठली कुणाची ओळखणार कशी? बाहेर पावलं वाजली. गुरुजींनी घाईघाईनं सगळं गोळा करून दोन्ही बरण्यांत निम्मं निम्मं भरलं आणि मिशा पुसल्या.

चार दिवसांनी आकडे आले. गुरुजी अठ्ठ्याहत्तर, धाकटी एकशे अठरा.

"असं कसं होईल?" गुरुजी ओरडलेच.

"मलाही तेच कळत नाही, सर," धाकटी म्हणाली. "पावडर तर दोघांची एकच आहे."

आपलं बिंग फुटलं, असं गुरुजींना वाटलं. मॅडम समोरच उभ्या होत्या.

"चुकलो मी," ते पुटपुटले. "मत्सर वाटला. बरण्या बदलायला गेलो, शिंक आली, सगळं एकत्र झालं. पण तुला कळलं कसं?"

धाकटी बघतच राहिली. "सर, मी म्हणत होते, स्टोअरवाल्यानं दोघांना एकाच पुड्यातून पावडर दिली होती. पहिल्यापासून."

मॅडमनी चष्मा काढला.

"अहो, चोरायचीच होती तर हिची वही चोरायची! दांडी किती वेगानं फिरवायची, पट्टीवरून किती वेळा न्यायची, सगळं लिहिलेलं असतं. टेबलावर उघडी पडलेली असते."

"चोरायची कशाला? घ्या ना, सर," म्हणत धाकटीनं वही पुढे केली.

गुरुजी मान खाली घालून जागेवर गेले आणि त्यांनी पहिलं पान उघडलं. दांडी पट्टीवरून ते एकदाच नेत. ती दोनदा नेत होती, दुसऱ्यांदा उलट दिशेनं. एवढंच! त्यांचा जीव भांड्यात पडला. आता हे आपल्यालाही जमेल.

मग त्यांनी पान जरा जवळ धरलं आणि कपाळाला पुन्हा आठ्या पडल्या. कार्टीचं अक्षरसुद्धा मोत्यासारखं होतं.