अकरा सेकंदांचं लंगडणं

दीडतारे यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन सोमवारी झालं आणि ‘काळोखाचा हेर : भाग दोन’ या चित्रपटाचा पत्रकारांसाठीचा खेळ गुरुवारी सकाळी साडेनऊला होता. उजव्या डोळ्यावर भोकाभोकांची प्लास्टिकची वाटी, वाटीवर चिकटपट्टीची फुली. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू आपली पाळी यायची वाट बघत निवांत पिकत बसलेला. त्या डोळ्याला माणूस आणि कपाट यांच्यातला फरक माणूस बोलला तरच कळायचा.

दीडतारे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. सव्वीस वर्षं रविवारच्या पुरवणीत ते चित्रपट परीक्षणाचं सदर लिहीत होते आणि एवढ्या वर्षांत त्यांनी कुठल्याच चित्रपटाला दीड तार्‍याच्या वर काही दिलं नव्हतं. खरं आडनाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

“एक रविवार सदर नाही आलं तर आभाळ कोसळत नाही,” त्यांची बायको डोळ्यात थेंब टाकता टाकता म्हणाली.

“आभाळ नाही, सदर कोसळतं. ती नवी संपादक काय म्हणाली माहितेय? ‘सर, कधी दमलात तर सांगा हं. त्या जागेत आपण वाचकांचे तारे छापू.’ इतक्या गोड आवाजात कुणी आपली जागा मागितली ना, की माणसानं खुर्ची दोन्ही हातांनी धरावी.”

“डॉक्टरांनी आठवडाभर पडदा बघायचा नाही म्हणून सांगितलंय.”

“मी कुठे बघणार आहे? तू बघ. मी ऐकतो. कुणाला कळायचं नाही.”

बायकोने थेंबाची बाटली बंद केली. चौतीस वर्षं हाडांच्या वॉर्डात नोकरी करून ती निवृत्त झाली होती. नवरा सोडला तर सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणे. प्लास्टर ओलं असताना रोग्याने हलू नये म्हणून ती त्याच्या उशाशी बसून गुणगुणायची :

मोडली फांदी बाई, बांधली मी चिंधीनं,
पाखरा, जरा थांब, झुलू नको धांदलीनं.

आणि मोठमोठे मिशीवाले गडी त्या दोन ओळींवर लेकरासारखे झोपी जायचे. सिनेमा मात्र तिने गेल्या दहा वर्षांत एकही पाहिला नव्हता.

“एकच अट,” दीडतारे म्हणाले. “जे दिसतंय तेवढंच सांगायचं. मत द्यायचं नाही. मत माझं.”

“मला कुठलं आलंय मत,” सिस्टर म्हणाली.

वाटीवर मोठा काळा चष्मा चढवून, बायकोचा दंड धरून, दीडतारे रोजच्यासारख्याच तुसड्या चेहर्‍याने सभागृहात शिरले. तुसडेपणा इतक्या वर्षांच्या सवयीचा, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. दिवे गेले. आधी ढोल वाजले, मग स्फोट झाला.

“विमान आहे,” सिस्टर कुजबुजली. “त्यातनं एकानं उडी मारली. काळा चष्मा घातलाय. तुमच्यासारखाच, पण त्याला गरज नाही.”

“मत नको.”

“बरं. पॅराशूट नाही. पडतोय. पडतोय. अजून पडतोय. मधेच घड्याळ बघितलं.”

“मग?”

“चालत्या ट्रकच्या टपावर उतरला. दोन्ही टाचा गेल्या.”

“गेल्या म्हणजे?”

“चुरा झाला हो. एवढ्या उंचीवरनं माणूस टाचांवर आला की चहातल्या बिस्किटासारखी होते टाच. तीन महिने उताणा झोपतो.”

“पडद्यावर काय झालं ते सांग.”

“पडद्यावर तो पळतोय.”

आता, सिस्टरची कुजबुज ही वॉर्डातली कुजबुज होती. चाळीस खाटांच्या दालनात एकविसाव्या खाटेला सांगितलेलं एकालाही न उठवता पहिल्या खाटेपर्यंत पोचावं, अशी घडवलेली. ती सभागृहभर पोचली. मागून कुणीतरी “शूऽऽ” केलं.

“खलनायक आला. याला समुद्र चोरायचाय.”

“सगळा?”

“सगळाच म्हणतोय. ठेवणार कुठे ते नाही सांगितलं.”

“थांब. हा पहिल्या भागात मेला होता. तेरा गोळ्या लागल्या होत्या त्याला.”

“असेल. भुवईवर बारीकशी पट्टी आहे.”

मागच्या रांगेत कुणाला तरी हसू आवरेना. पुढच्या मारामारीत नायकाने काचेची भिंत डोक्याने फोडली, लिफ्टच्या दोराला धरून नऊ मजले उतरला आणि तळहाताला फुंकर मारून थेट पियानो वाजवायला बसला. मघाशी शू करणारा आवाजच आता खाली वाकून विचारू लागला, “मावशी, या वेळी काय मोडलं?”

“मनगट. आणि तळव्यांची सालं निघाली असतील. पियानो काय, याला घास भरवावा लागेल.”

दीडतारे घामाघूम झाले. आपल्या बायकोमुळे आपलं बिंग फुटणार, एवढंच त्यांना दिसत होतं. आणि तेवढ्यात सिस्टर गप्प झाली. संगीत धडाडत होतं, पाणी उसळल्याचा आवाज आला, आणि शेजारून एक शब्द नाही.

“अगं, झोपलीस का?”

“थांबा.” तिचा आवाज बदलला होता. अपघाताची गाडी दारात आली की व्हायचा, तसा. “याला खरंच लागलंय.”

“कुणाला?”

“पुलावरनं बोटीत पडला त्याला. उठताना हात गुडघ्यावर नाही टेकला, खुब्यावर टेकला. आता चालतोय. लंगडतोय, पण दाखवत नाहीये. अहो, खोटं लंगडणारा पाय ओढतो. खरं लंगडणारा पाय लपवतो.” ती मनाशी मोजत होती. “अकरा सेकंद. आता चेहरा दाखवला. हा दुसराच आहे, याला काही झालेलं नाही.”

पुढच्या खुर्चीवरचा माणूस हळूच अवघडून हलला.

मध्यंतराचे दिवे लागले तेव्हा सिस्टर पुढे झुकली आणि त्या माणसाला म्हणाली, “उजवा खुबा ना?”

“काय?”

“दीड तास डाव्या अंगावर बसलाय तुम्ही. आणि तो पूल तुमचा.”

रुंद पाठीच्या त्या माणसाने आधी चौफेर पाहिलं. “हळू बोला, ताई. निर्मात्यांची माणसं आहेत इथे.” मग अगदी खाली आवाजात तो सांगू लागला. “हिरो चष्मा घालतात आणि काढतात. मधलं सगळं मी करतो. पण ते सगळीकडे सांगतात की सगळ्या उड्या त्यांच्याच. म्हणून मी कुणाला दिसायचं नाही.”

“एक्स-रे काढला?”

“काढला की दिसतं. दिसलं की घरी बसवतात.” तो हसला. “पुलावरनं नुसता नीट पडलो असतो तर साधं वाटतंय म्हणून पुन्हा घेतलं असतं त्यांनी. लंगडलो, तर म्हणाले अभिनय छान झालाय, राहू दे. तिसरा भाग सोमवारी सुरू होतोय. धरणाच्या भिंतीवरनं उडी आहे.”

“सोमवारी?”

“सकाळी.”

मग त्याचं लक्ष काळ्या चष्म्याकडे गेलं आणि त्याने पाठ सरळ केली. “सर, तुम्ही दीडतारे ना? पहिल्या भागाच्या वेळी तुम्ही लिहिलं होतं, ‘नायकाच्या चेहर्‍यापेक्षा त्याच्या पाठीला जास्त अभिनय येतो.’ ते कात्रण माझ्या पाकिटात आहे, सर. पाठ माझी होती.”

दीडतारे यांना ते वाक्य आठवत होतं. सायंकाळी चहा गार झाला म्हणून चिडून, निव्वळ टोमणा म्हणून ते त्यांनी लिहिलं होतं. दोन वर्षं एक माणूस ते खिशात जपून ठेवत होता. माणसाने हात पुढे केला. दीडतारे यांना तो दिसला नाही. हात तसाच अधांतरी राहिला. मग सिस्टरने नवर्‍याचा हात उचलून त्या हातात दिला.

माणूस क्षणभर चष्म्याकडे बघत राहिला. “तुमचंही?” त्याने विचारलं.

“सोमवारी झालं,” दीडतारे म्हणाले. “कुणाला सांगू नका.”

“छे. आपल्यातच.”

दुसर्‍या भागात समुद्र चोरीला गेला आणि बादलीभरही न सांडता परत आला. सिस्टर आता हाडं मोजत नव्हती. “हा आपला,” “हा आपला नाही,” एवढंच ती पाठीवरून सांगत होती. शेवटी पडद्यावर नावांची ओळ लागली आणि लोक उठून गेले, तरी तिने सगळी नावं वाचून दाखवली. नायकाचे केस बघणारे तिघे, नायकाच्या कुत्र्याला फिरवणारा एक. अगदी तळाशी ‘आणि इतर’ आलं.

“ते मी,” पुढचा माणूस म्हणाला आणि उठला. सावकाश, पाय लपवत.

दुपारी दीडतारे आरामखुर्चीत टेकले आणि सिस्टर कागद घेऊन बसली. त्यांनी सांगायला सुरुवात केली. “‘तर्काच्या चिंधड्या उडवणारा हा दुसरा भाग...’” ते थांबले. हे वाक्य त्यांनी गेल्या वर्षीही लिहिलं होतं आणि त्याच्या आदल्या वर्षीही. “खोड ते.”

“खोडलं.”

“लिही. ‘हा चित्रपट मी पाहिलेला नाही.’”

सिस्टरने पेन खाली ठेवलं. “अहो, सदर जाईल.”

“जाऊ दे. तो पाय लपवतोय, मी डोळा लपवतोय. तुझ्या समोर बसून दोघं बावळट दिसतो.”

“आणि त्याचं लिहिलंत तर त्याचं काम जाईल.”

“नाही लिहिलं तर?”

“खुबा जाईल,” सिस्टर म्हणाली. मग तिने पेन उचललं. “त्याचं नाव नको. तो आहे हेही नको. सांगा.”

रविवारी छापून आलं ते असं : ‘हा चित्रपट मी पाहिलेला नाही. माझ्या डोळ्याला पट्टी आहे. तो मला माझ्या बायकोने सांगितला. तिच्या हिशोबाने नायकाची मध्यंतरापर्यंत सदतीस हाडं मोडली आणि एकाचंही त्याला दुःख झालं नाही. ज्याला दुखतच नाही त्याच्यासाठी आपण जीव मुठीत का धरावा, याचं उत्तर अडीच तासांत मिळत नाही. पण पुलाखाली नायक अकरा सेकंद लंगडतो. ते लंगडणं खरं आहे. त्या अकरा सेकंदांना पाच तारे, उरलेल्या चित्रपटाला नेहमीचे. आणि नायकाने सोमवारच्या आत उजव्या खुब्याचा एक्स-रे काढावा, असं आमच्या घरच्या सिस्टर बजावून सांगतात.’

सकाळी नऊला संपादकीणबाईंचा फोन आला. दीडतारे उभे राहून बोलले. निरोपाचं बोलणं बसून ऐकू नये.

“सर, डोळ्याचं तुम्ही माझ्यापासून लपवलंत.”

“हो.”

“डोळा बरा होईपर्यंत मी थांबले नसते का? वाचकांचे तारे मी दमलात तर म्हणाले होते, पडलात तर नाही.” मग तिचा आवाज जरा उतरला. “सकाळपासून सव्वाशे मेसेज आलेत. पुढच्या आठवड्यात भुताचा सिनेमा आहे. सिस्टर येतील ना?”

“भुताला हाडं असतात का, विचारा,” सिस्टर स्वयंपाकघरातून म्हणाली.

पण दुपारपर्यंत भलतंच घडलं. ज्याला त्याला नायकाच्या खुब्याची काळजी लागली. बातमीदार त्याच्या दाराशी जमले. आता नायकाने बोलावं तरी काय? माझा खुबा ठणठणीत आहे म्हणावं, तर मग पुलाखाली लंगडलं कोण? दहा वर्षं सगळ्या उड्या मीच मारतो म्हणून सांगितलेलं. निर्माते आले, दार लावून खल झाला आणि संध्याकाळी नायक काठी टेकत बाहेर आला. दुखापत मी इतके दिवस लपवली, तो म्हणाला. डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली आहे. तिसरा भाग तोवर थांबेल.

रात्रीचं जेवण व्हायच्या आत त्या रुंद पाठीच्या माणसाचा फोन आला. “ताई, सोमवार रद्द. हिरो नाही तर मीपण नाही. सहा आठवडे पगारी घरी.”

“एक्स-रे?”

“आत्ताच काढून आलो. केसाएवढी चीर आहे. डॉक्टर म्हणाले, धरणावरनं उडी मारली असती तर...” सिस्टरने फोन तसाच कानाशी धरून हळू आवाजात त्या दोन ओळी गुणगुणल्या, पाखरा, जरा थांब, आणि पलीकडून बराच वेळ फक्त श्वास ऐकू येत राहिला.

गुरुवारी डोळ्यांच्या दवाखान्यात दीडतारे यांची वाटी निघाली. बाहेरच्या बाकावर ते बायकोशेजारी येऊन बसले आणि नव्या नवरीसारखे सगळीकडे बघू लागले. भिंतीचा रंग, खिडकीचा गज, बायकोच्या कपाळावरच्या बारीक रेषा. या कधी आल्या, त्यांना आठवेना. सव्वीस वर्षं त्यांनी चित्रपटांना झोडपलं होतं आणि एकही चित्रपट एक दिवस थांबला नव्हता. तिने एका वाक्यात सहा आठवडे थांबवला.

कोपर्‍यातल्या टीव्हीवर नायक दिसला. कुठल्याशा समारंभात तो काठी टेकत पायर्‍या चढत होता. लोक हळहळून टाळ्या वाजवत होते. दीडतारे यांनी मान पुढे काढली. थोडा वेळ निरखून पाहिलं. मग सिस्टरच्या हाताला कोपर लावलं.

“अगं, हा पाय ओढतोय.”

“हं.”

“आणि डावा ओढतोय. आपला तर उजवा होता.”

सिस्टरने पर्समधून थेंबांची बाटली काढली आणि नवर्‍याची हनुवटी वर उचलली.

“दिसायला लागलं तुम्हाला,” ती म्हणाली.