आनंदरावांचं न केलेलं मतदान

बाबांचा पहिला स्मृतिदिन कसा करायचा, हे नंदिनीनं महिनाभर आधी ठरवून टाकलं होतं. आणि आपण ठरवलं की ते तसंच होतं, असं तिचं स्वतःबद्दलचं ठाम मत होतं. फ्लेक्स नाही. वर कोण्या नेत्याचा हसरा चेहरा आणि खाली कोपऱ्यात बाबा, असलं तर मुळीच नाही. संध्याकाळी घरी बुद्धवंदना, खीर, बाबांचे जुने चार सोबती. सकाळी नागपूरच्या नंदनवन भागातल्या त्यांच्या वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आणि दोन ओळी. ती कॉलेजात ग्रंथपाल होती. दोन ओळींत न मावणारं दुःख लोकांना दाखवू नये, असं तिला वाटे.

एक गोष्ट मात्र तिच्या हातात नव्हती. महापालिकेचं मतदान नेमकं त्याच दिवशी आलं.

"बरंच झालं," तिची आई, कौसल्याबाई, म्हणाल्या. "तुह्या बाबाले इलेक्शनच्या दिवशी घरात चैन पडत नव्हतं."

हे खरं होतं. आनंदराव रामटेके कुहीकडच्या शाळेत शिक्षक होते आणि तीस वर्षं त्यांनी निवडणुकीची ड्यूटी केली. बाकीचे शिक्षक ड्यूटी चुकवायला डॉक्टरचे कागद जमवत, हे आदल्या रात्री शर्टाला इस्त्री करत. आपल्या केंद्रावर एकही बोगस मत पडलं नाही, एवढाच त्यांचा अभिमान. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर मत टाकायला आलेल्या सख्ख्या साळ्याला त्यांनी रांगेतून परत पाठवलं होतं. साळा पुढं सहा वर्षं त्यांच्या घरी जेवला नाही. आनंदरावांना त्याचं काही वाटलं नाही. कौसल्याबाईंना मात्र वाटलं, कारण भाऊ त्यांचा होता.

नंदिनीनं फोटो निवडला तो विधानसभेच्या मतदानाच्या दिवशीचा. बाकी सगळ्या फोटोंत बाबा कॅमेरा सोडून भलतीकडेच बघत. या एकात ते सरळ समोर बघत होते, मरून स्वेटर, शाई लावलेलं बोट वर, जणू वर्गाला गप्प करताहेत. त्यानंतर दोन महिन्यांनी ते गेले.

सकाळी सव्वाआठ वाजता तिनं फोटो टाकला. मग दोन ओळी लिहायला बसली. त्या दोन ओळींना बारा मिनिटं लागली. "बाबा, तुम्हाला जाऊन आज वर्ष झालं. घर अजून तुमच्याच वेळेवर चालतं." पाठवल्या. पण तोवर ग्रुपवर मतदान करून आलेल्यांनी आपापल्या बोटांचे बावीस फोटो टाकले होते. बाबांचं बोट वर राहिलं, ओळी खाली वाहून गेल्या.

चहा होईपर्यंत उत्तरं आली.

"अभिनंदन आनंदरावजी. सकाळी सकाळी नंबर लावला."

"काकांचा उत्साह तरुणांना लाजवणारा."

"लोकशाहीचे खरे शिपाई. तब्येत सांभाळा."

"कोण काय म्हणून राहिलं?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"तब्येत सांभाळा म्हणताहेत."

कौसल्याबाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं आणि चहा गाळला.

नंदिनी खुलासा लिहायला लागली. खुलाशाचा मसुदा करताना ती एक शब्द बदलत होती, तेवढ्यात कुणीतरी लिहिलं, "पण हे तर मागच्या वर्षी वारले ना?" त्याखाली दुसऱ्यानं लिहिलं, "मंग मतदान कसं केलं?"

एवढं पुरेसं होतं. नऊ वाजता तोच फोटो परत आला, पण आता बाबांच्या बोटाभोवती लाल गोल होता आणि वर ठळक अक्षरं: "नंदनवनात मृताचे मतदान." खाली अभिनंदनाचे संदेश, आजच्या तारखेचे, पुराव्यादाखल. दहापर्यंत तो कळमना बाजारातल्या आडत्यांपासून कुहीतल्या मावसबहिणीपर्यंत पोचला. मावसबहिणीनं फोनच केला. "ताई, काकाजी खरंच आले होते का?" तिच्या आवाजात भीती कमी आणि आशा जास्त होती, म्हणून नंदिनीला रागावता आलं नाही.

मग तज्ज्ञ आले. एकानं फोटो मोठा करून शाई ताजी असल्याचं सिद्ध केलं. दुसऱ्यानं स्वेटरवरून थंडीचा महिना काढला. एका उमेदवाराच्या लोकांनी रीतसर तक्रार दिली की हे मत समोरच्यानं टाकून घेतलं. समोरच्यानं उत्तर दिलं की आनंदराव कट्टर तक्रार करणाऱ्यांचेच होते, सगळ्या वस्तीला माहीत आहे. चाळीस वर्षं ज्या माणसानं आपलं मत कुणाला दिलं ते बायकोला कळू दिलं नाही, त्याचं मत आता दोन पक्षांना ठाऊक होतं. दोघांना वेगवेगळं.

साडेअकराला एका न्यूज पोर्टलचा प्रीतम माइक घेऊन दारात उभा राहिला. नम्र होता, चप्पलही बाहेर काढली.

"ताई, फक्त एक मिनिट. तुमच्या बाबांनी मतदान केलं का?"

नंदिनीला वाटलं, आता नीट, क्रमानं सांगावं. "हो, केलं होतं, पण ते विधानसभेला, त्यानंतर दोन महिन्यांनी ते वारले, आणि हा फोटो तेव्हाचा असून आज मी तो केवळ..."

वाक्य पूर्ण होतं, व्याकरणशुद्ध होतं, आणि त्यातले पहिले तीन शब्द प्रीतमच्या कामाचे होते. अर्ध्या तासात पोर्टलवर नंदिनी दिसली. ती म्हणत होती, "हो, केलं होतं." मागं ढोल. मग पुन्हा, सावकाश, "हो, केलं होतं."

"तू असं काहून म्हटलं वं?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"पुढं म्हटलं होतं ना, आई."

"पुढचं कोण आयकते?"

तोवर आणखी एक गोष्ट बाहेर आली होती, आणि ती खोटी नव्हती. आनंदरावांचं नाव मतदार यादीत अजून होतं. वस्तीतल्या याद्यांचं काम भागीरथाताई बघत, अंगणवाडीतल्या. नाव वगळण्याचा अर्ज घेऊन त्या वर्षभरात दोनदा येऊन गेल्या होत्या. दोन्ही वेळा नंदिनीनं त्यांना चहा पाजला आणि "पुढच्या आठवड्यात देते" म्हटलं. अर्ज एका पानाचा होता. कारणाच्या रकान्यात "मृत्यू" यावर खूण करायची होती. ती खूण तिला जमली नव्हती. आणि ज्या माणसानं दुसऱ्यांच्या घरच्या मेलेल्यांची नावं वेळेवर कापून घेतली, त्याच्याच नावाची आता ही शोभा.

तीन वाजता दत्तोपंत आले. बाबांसोबत त्यांनी पाच निवडणुका काढल्या होत्या, सीलबंद पेट्यांवर डोकं टेकून ट्रकमध्ये झोपले होते. संध्याकाळचे म्हणून बोलावलेले, लवकर आले. हातात पांढरी फुलं होती. ती त्यांनी ठेवली नाहीत.

"नंदिनी, खरं सांग वं. कोणी टाकलं त्याच्या नावावर?"

सकाळपासून हजार लोकांनी काय काय लिहिलं, ते नंदिनीनं वाचून सोडून दिलं होतं. हे एक वाक्य सुटेना.

"भाऊजी," कौसल्याबाई म्हणाल्या, "तुमी बी?"

"वहिनी, मी मोबाइलवर पाह्यलं. पोरगी सोताच बोलून राहिली होती."

नंदिनीनं पायात चप्पल सरकवली. "काका, चला माझ्यासोबत. माझं मतदान व्हायचंय, तुमचंही. केंद्र एकच आहे. तिथं विचारू."

शाळेतल्या खोलीबाहेर रांग छोटी होती. आत केंद्राध्यक्षांसमोर मतदारांची यादी, आणि बाजूच्या बाकावर उमेदवारांचे तीन प्रतिनिधी आपापल्या याद्या घेऊन बसलेले. ज्यांच्या लोकांनी तक्रार केली, त्यांचा गोविंदा सगळ्यांत पुढं. नंदिनीचं नाव पुकारलं गेलं.

"साहेब, माझ्या वरचं नाव माझ्या वडिलांचं आहे," ती म्हणाली. "त्यावर आज कुणी मत टाकलंय का?"

"सकाळपासून तिघांनी हेच विचारलं," केंद्राध्यक्ष म्हणाले. त्यांनी पान दत्तोपंतांकडे न वळवता, पण त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं वाचलं. "रामटेके आनंदराव. खूण नाही, सही नाही. कोणी आलेलंच नाही. काय हो एजंट, तुमच्याकडे?"

तीन याद्यांवर तीन बोटं फिरली. "कोरं आहे," एक म्हणाला. "कोरं," दुसरा. गोविंदानं बोट पुन्हा एकदा फिरवलं. "माह्याकडेबी टिक नाही, साहेब."

"मग तुमच्याच माणसांनी हे सगळं..." नंदिनीचा आवाज पहिल्यांदा चढला.

"ते मोबाइलवाले वेगळे, ताई," गोविंदा ओशाळून म्हणाला. "आमी बूथवाले. आमच्याशी ते बोलत नाहीत."

दत्तोपंतांनी बोटाला शाई लावून घेतली, मत दिलं आणि शाळेच्या पायरीवर बसले. बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला.

"मले समजाले पाहिजे होतं," ते म्हणाले. "साळ्याले परत पाठवणारा माणूस."

फाटकाबाहेर प्रीतम होता. नंदिनीनं त्याला गाठलं आणि या वेळी तीनच शब्द वापरले. "मत पडलंच नाही."

प्रीतमनं विचार केला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "पण ताई, न पडलेल्या मताची मी बातमी काय लावू? असं तर अर्ध्या नागपुराचं पडलं नाही."

संध्याकाळी वंदना झाली. खीर झाली. दत्तोपंतांनी जमलेल्या चौघांना शाळामास्तरी आवाजात तीन याद्यांची हकिगत दोनदा सांगितली आणि तिसऱ्यांदा शेजाऱ्यांसाठी खिडकीजवळ जाऊन सांगितली. मोबाइलवर तो लाल गोल अजून फिरतच होता. त्या खोलीत मात्र आनंदराव जसे होते तसे झाले.

निकाल लागल्यावर चार दिवसांनी नंदिनी अर्ज घेऊन बसली. सगळ्या शहरानं एक दिवस ओरडून ओरडून सांगितलं होतं की हा माणूस मेलेला आहे. मान्य करायची तेवढी तीच राहिली होती. तिनं "मृत्यू" पुढं खूण केली, दाखला जोडला आणि भागीरथाताईंकडे गेली.

भागीरथाताईंनी अर्ज पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं.

"आता कसं घेऊ, ताई? ह्या नावावर तक्रार आहे. चौकशी होईपर्यंत यादीतून हलवू नका म्हणून वरून कागद आला."

"मग चौकशी कधी होईल?"

"ज्यानं तक्रार केली त्यानं पुरावा घेऊन याले पाहिजे. दोन वेळा फोन केला मी."

"मग?"

"तो निवडून आला ना. आता तो कायले येते?"

"म्हणजे बाबांचं नाव..."

"राहीन पुढच्या इलेक्शनपर्यंत. तवा पाहू. नाराज नका होऊ, ताई."

नंदिनीनं दाखल्याची घडी घालून पर्समध्ये ठेवली, मान हलवली, आणि आपण नाराज दिसतो आहोत ना याची काळजी घेत घराकडे निघाली.