पाळक, पियानोवाली आणि पिवळा झेंडा

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये लांब टेबलं तीन होती. त्यांवर पदार्थ एकोणीस. त्यांतले सात मॅकरोनी-चीजचे, आणि ते करून आणणाऱ्या सातही जणी कोण कुणाचं घेतं यावर डोळा ठेवून उभ्या होत्या. केळ्याच्या पुडिंगची पातेली दोन, गोड थंड चहाचं पिंप एक. मोठी माणसं अठ्ठेचाळीस. लहान मुलं मोजता येईनात, कारण ती हलत होती. भिंतीवर येशूची तसबीर एक आणि तिच्या शेजारी, तिच्या चौपट आकाराचा, पांढरा पडदा. पडद्यासमोर घडीच्या चार खुर्च्या. प्रत्येक खुर्चीपुढे मोटारीचं असावं तसं एकेक स्टिअरिंग आणि खाली पायाशी दोन पेडल.

रेव्हरंड नॉर्मन हेडलंड यांनी हे सगळं दारातच मोजलं. घाबरले की ते मोजत बसत.

घाबरायला कारण होतं. उत्तर कॅरोलिनातल्या या बाप्टिस्ट चर्चला नवा पाळक, म्हणजे पास्टर, हवा होता. उद्या रविवारी नॉर्मननी उपदेश करायचा आणि मंडळीने लगेच चिठ्ठ्या टाकून ठरवायचं की हा माणूस ठेवून घ्यायचा की मिनेसोटाला परत धाडायचा. मिनेसोटात परत जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिथलं त्यांचं चर्च विकलं गेलं होतं आणि ज्या भिंतीवर क्रूस होता तिच्यावर आता लोक दोर बांधून चढायचा व्यायाम करत होते.

फोनवरची मुलाखत उत्तम झाली होती. त्रैक्य, बाप्तिस्मा, तारण, सगळी उत्तरं बिनचूक. मग चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकनांचे प्रमुख डॉयल फर यांनी सहज विचारलं होतं, "आणि रविवारी दुपारी काय करता, पास्टर?"

खरं उत्तर असं होतं की नॉर्मन रविवारी दुपारी टीव्हीवर कर्लिंग लावतात. कर्लिंग म्हणजे बर्फावरून दगड सरकवायचा आणि तो थांबेपर्यंत बघत राहायचं. दगड थांबायच्या आत नॉर्मनना झोप लागते. पण ज्या भागात मोटारींच्या शर्यतीचं एवढं वेड की पोरं आधी गोल मैदानावरच्या गाड्यांसारखी डावीकडे वळायला शिकतात आणि मग चालायला, तिथे हे सांगायची त्यांची छाती झाली नाही.

"शर्यत बघतो," ते म्हणाले होते. "दुसरं काय करणार माणूस?"

फोनच्या पलीकडे कुणीतरी "आमेन" म्हणालं होतं.

त्या आमेनची फळं आता पडद्यासमोर मांडून ठेवली होती.

"या, या पास्टर!" डॉयलनी त्यांच्या पाठीत अशी थाप मारली की हातातली प्लेट हलली. डॉयलचं टायरचं दुकान होतं आणि ते माणसांनाही हवा तपासल्यासारखे थोपटत. "आमच्याकडे रीतच आहे. उपदेशाच्या आदल्या संध्याकाळी उमेदवाराने आमच्याबरोबर एक शर्यत खेळायची. फक्त व्हिडिओ गेम हो! मजा म्हणून."

"आणि नाही खेळलं तर?"

"छे, सक्ती नाही. मागच्या खेपेचा उमेदवार नाही खेळला. मोठा विद्वान माणूस, हिब्रू येत होतं त्याला." डॉयलनी उसासा टाकला. "सात मतं पडली बिचाऱ्याला."

"त्याच्या आधीचा?"

"तो खेळला. मिस अर्लीनची गाडी भिंतीवर घातली त्याने. चार मतं."

मिस अर्लीन बॅरिंजर चर्चमध्ये पियानो वाजवत. वय एकोणऐंशी. त्या दोन नंबरच्या खुर्चीत आधीच बसल्या होत्या, आणि पियानोचे पेडल दाबायचे खास बूट त्यांनी घरून आणले होते.

नॉर्मनची बायको कारिन त्यांच्या कानाशी लागली. "जिंकू नकोस, कुणाला धडकू नकोस. सभ्यपणे हरून ये. तेवढं तुला जमतं."

चौथी खुर्ची ऱ्हेट हनीकट यांची. रविवारच्या शाळेचे मुख्य. आठवडाभर ते एका शर्यतीच्या संघात गाड्यांची इंजिनं जुळवत आणि रविवारी सकाळी मुलांना अहंकार कसा वाईट ते शिकवत.

"पास्टर, प्रार्थना करा. शर्यतीआधी प्रार्थना हवीच," ऱ्हेट म्हणाले.

नॉर्मननी मनापासून प्रार्थना केली. इतकी मनापासून की मिस अर्लीननी मध्येच खाकरून त्यांना आवरतं घ्यायला लावलं.

हिरवा झेंडा पडला. पडद्याच्या चार भागांत चार गाड्या. तीन सुसाट सुटल्या. चौथी जागेवरच उभी.

"काय झालं, पास्टर?"

"काही नाही. म्हटलं, आधी तुम्ही व्हा पुढे."

मिनेसोटात चार रस्त्यांच्या चौकात चार गाड्या आल्या, तर चौघे एकमेकांना हात करत संध्याकाळपर्यंत उभे राहतात. ती सवय नॉर्मनच्या हाडात होती. बाकीचे ताशी एकशे ऐंशी मैलांनी फिरत होते. ते एकशे दहावर गेले आणि इतका वेग घेतल्याबद्दल मनात क्षमा मागू लागले. पाठीमागून कुणी आलं की ते तत्परतेने बाजूला होत. पण नेमकं ज्या बाजूने येणाऱ्याला जायचं असे, त्याच बाजूला. तिसऱ्या फेरीत डॉयल असेच मागून आले, नॉर्मन आदराने बाजूला झाले, आणि डॉयल त्यांना चुकवायला जाऊन सरळ भिंतीत गेले.

पिवळा झेंडा लागला. सगळ्यांनी वेग कमी करून रांगेत यायचं.

"माफ करा हं, फार वाईट वाटलं," नॉर्मन म्हणाले.

"वाईट कसलं?" डॉयल पडद्याकडे डोळे फाडून बघत होते. "एक फेरी मागे होतात. पिवळा लागला की मागे पडलेल्या पहिल्या गाडीला तिची फेरी परत मिळते. ती गाडी तुमचीच! बरोबर वेळ साधलीत हो!"

अठ्ठेचाळीस माणसांत कुजबुज झाली. कारिनने डोळे मिटून घेतले.

पिवळ्या झेंड्याखाली तिघेही पेट्रोल भरायला आणि टायर बदलायला आत वळले. नॉर्मनना आत कुठून वळतात तेच माहीत नव्हतं. ते आपले सरळ जात राहिले. तिघे बाहेर आले, तेव्हा नॉर्मन पहिले होते.

"थांबलेच नाहीत!" मागून कुणीतरी म्हणालं.

"पेट्रोल वाचवतायत," ऱ्हेट ओठ आवळून म्हणाले. "मघाशी हळू का चालले होते, ते आत्ता कळलं मला. मुरलेला गडी आहे."

"मला खरंच यातलं काही..." नॉर्मन सुरुवात करणार होते.

"असू दे, बाळा," मिस अर्लीन पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "आपले डाव कुणी सांगत नसतं. मीही सांगत नाही."

हिरवा झेंडा पडताच तिघांनी नॉर्मनना मागे टाकलं. त्यांना हायसं वाटलं. आता आपण शेवटचे, आता शांतपणे हरायचं. पण ऱ्हेटच्या डोक्यात ते पेट्रोल बसलं होतं. आपणही वाचवलं पाहिजे म्हणून ऱ्हेटनी पाय आखडता घेतला. मागून येणाऱ्या डॉयलना हे कोण सांगणार? डॉयलनी ऱ्हेटना ठोकलं. पुन्हा पिवळा. पुन्हा सगळे रांगेत, आणि अर्ध्या मैदानभर मागे पडलेले नॉर्मन पुन्हा सगळ्यांच्या शेपटाला येऊन चिकटले.

"डॉयल मेल्या, डोळे दुकानात ठेवून आलास का?" मिस अर्लीन म्हणाल्या.

"ते ऱ्हेटला विचारा! रस्त्यात काय झोपतो!"

"मी नाही झोपत, मी पास्टरांसारखं..."

"तर मग त्यांच्यासारखं डोकं आण आधी!"

शेवटच्या फेरीपर्यंत चर्चच्या मुख्य मंडळींतच उघड फूट पडली होती. मिस अर्लीन पुढे, डॉयल आणि ऱ्हेट दोन्ही बाजूंनी त्यांना खेटून, आणि पाव फेरी मागे नॉर्मन, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, गाडीत आजारी माणूस असल्यासारखे येत होते. शेवटच्या वळणावर ऱ्हेटनी डॉयलना ढकललं, डॉयल मिस अर्लीनवर गेले आणि तिन्ही गाड्या धुराच्या लोटात गोल गोल फिरून रस्त्याच्या कडेला निपचित पडल्या.

नॉर्मन तिथे पोहोचले आणि थांबले.

"मिस अर्लीन, लागलं नाही ना तुम्हाला?"

"अहो जा!" हॉल ओरडला. सात मॅकरोनीवाल्यांचा आवाज त्यात सर्वांत वर होता. "जा, पास्टर, जा!"

एवढ्या लोकांचं मन कसं मोडायचं? नॉर्मननी हलकेच पेडल दाबलं आणि ताशी वीस मैलांनी शर्यत संपल्याचा चौकटीचा झेंडा ओलांडला.

पुढची पाच मिनिटं त्यांच्या पाठीवर फक्त थापा पडत होत्या. मिस अर्लीननी शांतपणे बूट बदलले. "या हॉलमध्ये मला आजवर कुणी हरवलं नव्हतं," त्या म्हणाल्या आणि आपलं पुडिंगचं पातेलं उचलून घरी निघून गेल्या. त्यात अर्ध्याहून जास्त पुडिंग शिल्लक होतं.

"सभ्यपणे हर म्हटलं होतं," कारिन दातांतून म्हणाली.

"मी प्रयत्न केला गं."

"पास्टर, उद्या टीव्हीवरची शर्यत आमच्या घरी बघायची," डॉयलनी जाहीर केलं. "पंचवीस-तीस जण येऊ. तुम्ही मध्ये बसायचं आणि कोण काय डाव टाकतंय ते आम्हाला समजावून सांगायचं. आणि पुढच्या शनिवारी आपल्या गावच्या मैदानावर खऱ्या शर्यतीआधी प्रार्थना तुमची. मी शब्द देऊन टाकलाय."

नॉर्मन टेबलांवरचे पदार्थ पुन्हा मोजू लागले. एका वाक्याचं खोटं पंचवीस-तीस माणसांसमोर चार तास कसं टिकवायचं?

सकाळी ते व्यासपीठावर उभे राहिले, तेव्हा हातात बायबलातल्या याकोबाच्या पत्रावरचा उपदेश होता. मुख्य मुद्दे पाच, उपमुद्दे अठरा. पहिल्या बाकावर डॉयल शर्यतीची टोपी मांडीवर ठेवून बसले होते. नॉर्मननी कागद मिटले.

"मी तुमच्याशी खोटं बोललो," ते म्हणाले. "मी आयुष्यात एकही शर्यत पाहिलेली नाही. काल मला ब्रेक कुठला तेवढंच कळलं होतं. मी पेट्रोल वाचवत नव्हतो, मी घाबरलो होतो. मला नोकरी हवी होती आणि देवाच्या माणसाने ती खोटं बोलून मागितली. मिस अर्लीन, कालची शर्यत तुमची होती. आता तुम्ही मला परत पाठवलंत, तर मी रागावणार नाही. आपण प्रार्थना करू या."

एवढंच बोलून, छोटी प्रार्थना करून ते खाली उतरले. मिस अर्लीननी एक सूरही वाजवला नाही. मग मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली, आणि डॉयलनी खूण करून पाहुण्यांना बाहेर थांबायला सांगितलं.

नवराबायको पाळणाघराच्या खोलीत बसले. तिथल्या खुर्च्या तीन वर्षांच्या मुलांच्या होत्या, त्यामुळे रेव्हरंड हेडलंड यांचे गुडघे हनुवटीला लागत होते.

"बरं केलंस," कारिन म्हणाली आणि तिने त्यांचा हात धरला. "आता कुठे जायचं ते मात्र विचारू नकोस."

दार उघडलं. डॉयल आत आले. चेहऱ्यावर काही वाचता येईना.

"चौसष्ट चिठ्ठ्या. त्रेसष्ट बाजूने, एक विरोधात. विरोधातलं मत कुणाचं ते मी सांगणार नाही, पण पियानो त्या फार सुंदर वाजवतात."

नॉर्मनना उठायचं होतं. खुर्ची त्यांच्याबरोबर उठली. "पण... मी खोटं बोललो, ते त्रेसष्ट जणांनी माफ केलं?"

"खोटं?" डॉयल क्षणभर गोंधळले. "हां, ते. ते होईल माफ हळूहळू. अहो, आमचे आधीचे पाळक, देव त्यांचं भलं करो, एकोणीस वर्षांत आम्हाला शर्यतीची सुरुवात बघायला मिळाली नाही हो! एक वाजता झेंडा पडतो. सव्वा वाजता त्यांचा तिसरा मुद्दा चालू असायचा." त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. "चला लवकर. बायकोने कोंबडी तळायला घेतलीय."

त्या दिवशीचा उपदेश प्रार्थनेसकट चार मिनिटं दहा सेकंद चालला होता.