मिलर्स फोर्डच्या भूतबंगल्याला निरोप

वेंडेल ऑस्ट्रँडरने आरशासमोर उभं राहून वाक्य घोटून घोटून पाठ केलं होतं. गोड, ठाम, एका दमात सांगून मोकळं व्हायचं!

तो मिलर्स फोर्डच्या वस्तुसंग्रहालयाचा नवा प्रमुख. दर ऑक्टोबरला निधीसाठी तिथे भूतबंगला भरायचा, गावकरीच भुतं बनून पोरांना घाबरवायचे, आणि तो आता बंद करायचा होता. करायलाच हवा होता! भुताटकीचं धुकं सोडणाऱ्या यंत्राच्या धुराने संग्रहातल्या जुन्या गोधड्या पिवळ्या पडल्या होत्या आणि गेल्या साली एका पिशाच्चाने खोटं रक्त थेट गावच्या पहिल्या नवरीच्या झग्यावर उडवलं होतं.

पण आधी सांगायचं मिसेस व्हर्ना कोल्बेकना! बाई वर्षानुवर्षं शवपेटीत प्रेत होऊन झोपायच्या आणि पोरं जवळ आली की ताडकन उठून किंकाळी फोडायच्या. अर्धं गाव त्या किंकाळीवर लहानाचं मोठं झालेलं. त्यांच्या दारात पोचेपर्यंत वेंडेलचं पाठ केलेलं वाक्य हवेत विरलं.

"ये रे बाळा," केक कापता कापता बाई म्हणाल्या. "चेहरा का उतरलाय?"

"मिसेस कोल्बेक, संपलं सगळं. तज्ज्ञांना दाखवलं. आणखी एक ऑक्टोबरसुद्धा निघणार नाही म्हणाले."

बाईंची सुरी थांबली. "कशामुळे?"

"धुरामुळे."

बाईंनी त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या सिगारेटच्या पाकिटाकडे पाहिलं, डोळे पुसले आणि त्याला घट्ट मिठी मारली. "मी कुणाला बोलणार नाही हो!"

वेंडेल तरंगतच बाहेर पडला. किती समजूतदार बाई!

दुपारपर्यंत गावभर झालं. न्हावी त्याचे केस कापताना हुंदके देत होता. अग्निशमन दलाचे दांडगे प्रमुख, गस लिंडक्विस्ट, भर रस्त्यात गळ्यात पडले. वेंडेलच्या ओट्यावर, दुःखाच्या घरी पोचवतात तशी, भाजलेल्या मॅकरोनीची इतकी भांडी जमली की दार उघडेना! भूतबंगल्यावर गावाचा एवढा जीव? वेंडेलची झोप उडाली. आपण गावाच्या काळजावरच घाव घातला!

त्यात पाद्री हॉलिस भेटले. चाचरत म्हणाले, "वेंडेल, शवपेटीचं काही ठरवलंस?"

"नवी कशाला? मिसेस कोल्बेक वापरतात तीच आहे की! झाकण नीट बसत नाही, एवढंच."

पाद्रींना रडू आवरेना.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या सभागृहात सगळा गाव जमला. वेंडेल बोलायला उभा राहिला. आज आपल्याला गावाबाहेर काढणार, याची त्याला खात्रीच होती.

"मला माफ करा," तो म्हणाला. "तुमचं दुःख बघवत नाही. पण गोधड्या वाचवायच्या तर भूतबंगला बंद करावाच लागेल!"



"ते राहू दे," मिसेस कोल्बेक म्हणाल्या. "तुला किती दिवस दिलेत?"

"कसले दिवस?"

"अरे, तू मरतोयस ना?"

"मी? छे! मला काय धाड भरलीय?"

सभागृहभर जी निराशा पसरली, ती त्याला जन्मभर विसरता येणार नव्हती. मागून कुणीतरी "हात्तिच्या!" देखील म्हणालं.

"म्हणजे फक्त भूतबंगलाच जाणार?" गसनी विचारलं. "मला करवत घेऊन पोरांमागे धावावं लागणार नाही?"

"नाही."

"सुटलो बुवा!"

"माझी तर कंबर गेली त्या पेटीत," मिसेस कोल्बेक म्हणाल्या. "पण तुम्हा सगळ्यांना वाईट वाटेल म्हणून पडून राहायचे!"

मग एकेक जण बोलू लागला. भूतबंगला कुणालाच नको होता! सगळे एकमेकांसाठी भुतं होत होते. पुढच्या ऑक्टोबरला केकची जत्रा भरवायचं बसल्या बैठकीला ठरलं. वेंडेलच्या जिवात जीव आला. तो हळूच दाराकडे सरकला.

"थांब, निघालास कुठे?" मिसेस कोल्बेकनी त्याला दंडाला धरून पुढच्या खुर्चीत बसवलं. "गायकमंडळींनी तुझ्या अंत्यविधीची पाच गाणी बसवलीत. त्यांची मेहनत वाया घालवतोस का?"

वेंडेलने पाचही गाणी मान खाली घालून ऐकली. तिसऱ्याला तर तो स्वतःच रडला.