प्रमिलाताईंचे लहान जहाज

प्रमिलाताई मला सकाळी बत्त्याने उठवत. बत्ता पितळी, मुठीपाशी झिजून गुळगुळीत झालेला. आणि उठवणे म्हणजे त्यांच्या आणि माझ्या स्वयंपाकघरांमधल्या एकेरी विटेच्या भिंतीवर त्या बत्त्याचे दणके. भिंत थरथरे. माझ्या फळीवरचे स्टीलचे डबे एकमेकांना लागून किणकिणत, चुन्याचा बारीक भुगा ओट्यावर सांडे, आणि त्या भुग्याचा ओलसर, फळा पुसल्यासारखा वास हाच माझ्या दिवसाचा पहिला वास असे. पाठोपाठ पलीकडून आवाज येई, "अगं, नळ केवढ्यानं सोडलायस. माझ्या डोक्यात पाणी पडतंय." नळ सोडलेला असो वा नसो. कधी नळ, कधी मिक्सर, कधी आमच्या लेकीचे पाढे. कारणे बदलत, बत्ता तोच.

मीही ऐकून घेणाऱ्यांतली नव्हते. पोळ्यांचे लाटणे उचलून तितक्याच रागाने मी भिंतीवर उलट हाणत असे. महाविद्यालयात मुलांना कवितेतला हळुवारपणा उलगडून सांगणारी बाई घरी लाटण्याने भिंत बडवते, हे माझ्या विद्यार्थ्यांना कधी कळले नाही, हे माझे भाग्य. माझे लाटणे वाजले की पलीकडे शांतता होई. मला वाटे, मी जिंकले.

ही गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची, डोंबिवलीत मानपाडा रस्त्यावरच्या आमच्या तीन मजली इमारतीतली. प्रमिलाताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. ट्रंककॉल जोडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली आणि नोकरी संपली तरी बोर्डापुढून त्या उठल्याच नाहीत. दार उघडले की त्या "या" म्हणत नसत, "बोला" म्हणत. भाजीवाल्याला "लाइनवर राहा" सांगून पिशवी आणायला आत जात. गप्पा मारता मारता मधेच "वेळ संपली" म्हणून उठत, मग समोरच्याचे वाक्य अर्धे राहिले तरी बेहत्तर. आणि कोणी उत्तर द्यायला क्षणभर उशीर केला की कपाळाला आठ्या घालून म्हणत, "नो रिप्लाय." या दोन शब्दांत त्या जेवढा संताप भरत, तेवढा मला संपूर्ण शब्दकोशातून गोळा करता आला नसता.

गल्लोगल्ली उगवलेले पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ हा त्यांना स्वतःचा अपमान वाटे. "स्वतःच नंबर फिरवतात, स्वतःच बोलतात," त्या बूथवाल्याच्या तोंडावर म्हणत, "मधे माणूस नको कुणाला."

माझा नवरा अविनाश शांत स्वभावाचा. रोजच्या या युद्धाला कंटाळून त्याने एकदा उपाय सुचवला, की तू उत्तरच देऊ नकोस, दोन दिवसांत थकतील. मला पटले. दुसऱ्या सकाळी लाटणे खणात ठेवून मी चहाचा कप हातात धरून उभी राहिले. बत्ता वाजला. मी गप्प. पुन्हा वाजला, घाईघाईने, ताल सोडून. मग भिंत गप्प झाली आणि आमच्या दारावर तळव्यांचा मार सुरू झाला. दार उघडले तर प्रमिलाताई उभ्या. केस सुटलेले, एका पायात चप्पल, हातात बत्ता, आणि चेहऱ्याचा रंग जुन्या कागदासारखा. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. मग माझ्या कपातून निघणाऱ्या वाफेकडे पाहिले. तेव्हा कुठे तो चेहरा हळूहळू लाल झाला.

"हातपाय धड आहेत ना? मग नो रिप्लाय कशासाठी?"

भिंतीवर मार खायचा आणि वर उत्तरही द्यायचे, ही कुठली सक्ती? त्यानंतरच्या सकाळी मी लाटणे असे हाणले की कॅलेंडरचा खिळा निसटून पिठात पडला. पलीकडे समाधानाची शांतता झाली.

अशा या बाईंनी एका संध्याकाळी, एमआयडीसीच्या बाजूने येणारा आंबूस वास खिडकीत दाटलेला असताना, माझ्या टेबलावर रंगीत माहितीपत्रकांचा ढीग आपटला आणि जाहीर केले, की मी जहाजाने बेटांवर जाणार आहे. नारळ, वाळू, निळे पाणी, सगळे ते. आणि जाणार ते ऐषआरामात. ठाण्याच्या पुतण्याने त्यांना यात्रेच्या बसमध्ये बसवून काशीला पाठवायचा घाट घातला होता. "काशीला नंतर जाईन," त्या म्हणाल्या. "अजून माझी बरीच भांडणं राहिलीत."

समुद्रच का, असे मी विचारले. तर कारण असे, की रात्रपाळीला कोचीनची लाइन जोडली की मागे एक संथ खरखर ऐकू येई. तिकडची ऑपरेटर शपथेवर सांगे की तो समुद्र आहे, आमची खिडकी उघडी असते. "वर्षानुवर्षं खोटं बोलली मेली," प्रमिलाताई म्हणाल्या. "बघून येते एकदा."

मला त्यांनी कामाला लावले ते माझ्या विषयामुळे. "तू कवितेची माणूस. यातली विशेषणं खुडून टाक मेथीच्या काड्यांसारखी, आणि उरेल ते मला सांग." मी बसले. नितळ, निळेशार, स्वप्नवत, अविस्मरणीय, सगळे खुडले. पानभर मजकुरातून उरले ते एवढेच, की जहाज आहे, पाणी आहे, जेवण आहे. माझ्या आवडत्या शब्दांची ती अवस्था पाहून मला जाहिरातवाल्यांचा मनस्वी राग आला, आणि थोडा माझाही.

मग सुरू झाली जहाजाची निवड. कल्याण, डोंबिवली, ठाणे, जिथे जिथे प्रवासी कंपनीची पाटी होती तिथे प्रमिलाताई गेल्या, मला फरपटत घेऊन गेल्या आणि भांडून बाहेर पडल्या. पोहण्याच्या तलावाचे जहाज त्यांनी नाकारले, कारण समुद्रात जाऊन हौदात डुंबणे हा त्यांना मूर्खपणा वाटला. नाचघराचे नाकारले, कारण हलत्या जमिनीवर आणखी हलायचे कशाला. एका केबिनची खिडकी उघडत नाही असे कळले तेव्हा त्या एजंटला म्हणाल्या, "मग ते चित्र आहे. चित्र घरी आहे माझ्याकडे."

हे सगळे मी हसून सोडून दिले असते. पण प्रत्येक ठिकाणी, अगदी शेवटी, त्या एक प्रश्न विचारत. "एखादी बाई सकाळी न्याहारीला आली नाही, तर तुमचं जहाज काय करतं?"

एजंट आनंदाने सांगत, की काहीच करत नाही. न्याहारीची सक्ती नाही, केव्हाही या, नाही आलात तरी कोणी विचारणार नाही. "मग नको," असे म्हणून प्रमिलाताई उठत, आणि मी ओशाळून मागे मागे. हा काय प्रश्न झाला, असे त्यांना विचारले की उत्तर येई, "वेळ संपली."

ठाण्याला टेंभी नाक्याजवळ एक मोठे कार्यालय होते. आत थंडगार, मोगऱ्याचा खोटा सुगंध मारलेला. टायवाल्या तरुणाने हजारभर प्रवाशांच्या एका जहाजाचे गुणगान केले आणि खणातून पुठ्ठ्याची एक पट्टी काढून काचेच्या टेबलावर ठेवली. 'डू नॉट डिस्टर्ब.' "ही दाराला अडकवायची, मॅडम. मग कोणी फिरकणार नाही. तीन दिवस अडकवलीत तरी नाही. हीच तर लक्झरी."

"तीन दिवस?" प्रमिलाताईंनी विचारले. त्यांनी ती पट्टी बोटाच्या टोकाने उलटी केली, अक्षरे खाली जातील अशी. मग नेहमीचा प्रश्न आला, पण नेहमीचा कडकपणा त्यात नव्हता.

तरुणाने शेजारच्या टेबलाकडे पाहून डोळा मिचकावला. "आजी, घरी तरी कोण विचारतं हो न्याहारीला?"

शेजारचे टेबल हसले. मी प्रमिलाताईंकडे पाहिले. आता बत्ता पडणार, असे मला वाटले. पण आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडून नो रिप्लाय होता.

आणि मग माझ्या कानशिलांपर्यंत जे काही चढले, तसा राग मला त्यापूर्वी कधी आला नव्हता, नंतरही आलेला नाही. मी त्या काचेवर मूठ आपटली. पेनस्टँड आडवा झाला. "मी विचारते," मी म्हणाले. "रोज सकाळी. लाटण्यानं."

त्या तरुणाला त्यातले काही कळले नाही. मलाही, खरे सांगायचे तर, पुरते कळले नव्हते.

बाहेर पडल्यावर प्रमिलाताई माझ्यावरच उखडल्या. माझ्या बोलण्यात तू कशाला बोललीस, मी कोणाला वकीलपत्र दिले नव्हते, असे बरेच काही. मीही भर रस्त्यात आवाज चढवला. कुठल्याही कार्यालयात जाऊन वेड्यासारखा एकच प्रश्न विचारता, लोक हसतात, आणि राग काढता माझ्यावर. असे भांडत भांडत आम्ही मासुंदा तलावाच्या काठी आलो आणि दम लागला म्हणून बाकावर बसलो. शेवाळाचा हिरवा, जड वास येत होता. प्रमिलाताई पाण्याकडे बघत राहिल्या, आणि रागाचा स्वर तसूभरही खाली न आणता बोलल्या.

"शांता म्हणून होती. माझ्या शेजारच्या बोर्डावर. टिटवाळ्याला एकटीच राहायची. एकदा ड्यूटीवर आली नाही. मी फोन लावला. घंटी जात होती. घंटी जाते म्हणजे लाइन ठीक आहे, आम्हाला तसंच शिकवलेलं. नो रिप्लाय म्हटलं आणि पुढचा कॉल घेतला. दुसऱ्या दिवशीही लावला. घंटी जात होती."

वल्हवायच्या होड्यांतून पोरांचा कल्ला येत होता.

"तिसऱ्या दिवशी दार फोडलं. आतून कडी होती. पहिल्या दिवशी कुणी गेलं असतं तर काही झालं असतं का, हे डॉक्टरांना विचारायचं मला धाडस झालं नाही. आजवर नाही."

मी त्यांच्याकडे सरकून बसले.

"वेळ संपली," प्रमिलाताई म्हणाल्या आणि पदर खोचून उठल्या.

जहाज अखेर सापडले ते आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, झेरॉक्सच्या दुकानात अर्धे टेबल टाकून बसलेल्या एका गृहस्थांकडे. कोचीनहून लक्षद्वीपला जाणारे लहानसे जहाज. केबिनी देखण्या, पण मोजक्याच. गृहस्थ भिडस्त होते. प्रश्न ऐकून ते अपराधी चेहऱ्याने म्हणाले, "ताई, खोटं कशाला सांगू? हे जहाज फारच लहान आहे. खासगीपणा असा नाहीच. कुणी जेवायला आलं नाही तर तिथला आचारी स्वतः दार वाजवतो. कटकट्या आहे. आमच्याकडे तक्रारी आल्यात त्याच्या."

"तिकीट काढा," प्रमिलाताई म्हणाल्या.

त्या गेल्या. पहिल्या सकाळी मी सवयीने लाटणे हातात घेऊन उभी राहिले. नळाची धार पडत होती, दूध वर येत होते, आणि भिंत नुसती भिंत होती. डबे किणकिणले नाहीत. ओटा स्वच्छ, कोरडा, चुन्याच्या वासाशिवायचा. त्या आठवड्यात मी अविनाशवर, लेकीवर, दूधवाल्यावर विनाकारण खेकसत राहिले. अविनाशने विचारलेच, की शांतता तर तुलाच हवी होती ना?

परतल्या त्या रापलेल्या, नाकाचे साल निघालेल्या, आणि अर्थातच संतापलेल्या. जहाजावर सगळ्यांत नारळ, चहात घालायचाच काय तो राहिला होता. बेटे ठीक. पाणी इतके निळे की शाई सांडल्यासारखे, एवढ्याची गरज नव्हती. आणि कोचीनच्या धक्क्यावर त्या मुद्दाम डोळे मिटून उभ्या राहिल्या होत्या. "तीच खरखर," त्या नाराजीने म्हणाल्या. "खरं बोलत होती बाई."

"आणि आचारी?" मी विचारले.

"त्याची पाळीच आली नाही. शेजारच्या केबिनमध्ये एक म्हातारी होती, मंगळूरची, एकटीच. मी आपला सकाळी चमच्यानं तिच्या बाजूच्या लाकडी भिंतीवर ठोका दिला. तर तिनं कप्तानाकडे तक्रार केली. म्हटलं कर. रोज वाजवणार." त्यांनी नाकावरचे साल ओढले. "शेवटी शेवटी मेलीनं कहरच केला. मी उठायच्या आधीच तिकडून वाजवायला लागली. झोपमोड नुसती."

हे सांगताना त्यांचा आवाज चढलेला होता. पण बोटे मात्र माझ्या टेबलावर, अगदी हलके, कसलासा ताल धरून होती.

त्या रात्री मी लाटणे ओट्यावरच ठेवले. सकाळी दूध तापायच्या आत, पलीकडचा बत्ता उचलला जायच्या आत, मी ते उचलले आणि भिंतीवर हाणले. डबे किणकिणले. चुना सांडला.

पलीकडे काहीच हालले नाही. मी पुन्हा हाणले. पुन्हा काही नाही. चप्पल न शोधता मी दाराकडे वळले, तेवढ्यात भिंतीमागून खोकल्याचा आवाज आला, आणि मग झोपेने जड झालेला, चिडका स्वर.

"अगं, भिंत पाडतेस का?" मग, जरा हळू, "उठलेय मी."