बेस सुधारण्यासाठी आई

आमच्या बैठकीच्या खोलीत गाण्याचा बेस, म्हणजे खालचा जाड आवाज, घुमतो, ही बाब गेल्या वर्षी प्रथम माझ्या निदर्शनास आली. त्याच सुमारास डाव्या स्पीकरमागचा कोपरा मोकळा हवा म्हणून आईची खुर्ची हलवली होती आणि आई ‘हवापालटासाठी’ ताईकडे गेली होती. या दोन घटनांचा परस्परसंबंध जोडण्याचं तेव्हा काहीच कारण नव्हतं.

बायको म्हणाली, "नवे स्पीकर घ्या आणि सुटा एकदाचे."

पण या बाबतीत माझं धोरण स्पष्ट आहे. उपकरण बदलणं हा अंतिम उपाय. आधी अ‍ॅक्सेसरीजच्या सर्व शक्यता पडताळायच्या. त्यानुसार स्पीकरखाली पितळेचे टोकदार पाय बसवले. वायरी जमिनीला टेकू नयेत म्हणून त्यांच्याखाली लाकडी ठोकळे आले. मग मनगटाएवढी जाड केबल आली आणि तिच्यासाठी भिंतीला भोक पडलं. फ्रिजच्या घरघरीने बारीक सूर मारले जातात असं कळल्यावर गाणं चालू असताना फ्रिज बंद राहू लागला आणि दूध नासू लागलं. बेस घुमतच राहिला.

शेवटी ध्वनितज्ज्ञांना पाचारण केलं. कोपऱ्यात उभं राहून त्यांनी एक टाळी वाजवली, डोळे मिटले आणि विचारलं, "इथे आधी काय होतं?"

"आई."

"अंगाने कशा?"

"भरलेली. शिवाय लोकरीची शाल असायची."

"मऊ आणि जड," ते मान डोलावत म्हणाले. "आवाज शोषायला याहून चांगलं बाजारात काही मिळत नाही. परत आणता येईल?"

मी तडक ताईकडे गेलो. मला दारात बघून आईचे डोळे भरून आले. "आठवण आली होय रे माझी?"

"गाणं लावलं की येतेच," मी म्हणालो, आणि यात तसूभरही खोटं नव्हतं.

खुर्ची पूर्वीच्या जागी ठेवली, तिच्या पायांभोवती खडूने खुणा केल्या. तिथून आईला स्पीकरची फक्त पाठ दिसते. खोकायचं नाही आणि शाल काढायची नाही, एवढ्याच अटी. ती मात्र हरखून गेली. मी सारखा येऊन विचारतो, "आई, नीट बसलीस ना?" याआधी या घरात तिला हे कोणी विचारलं नव्हतं.

परवा तज्ज्ञ पुन्हा आले. बाजारात नवे स्पीकर आलेत, म्हणाले; मुळीच घुमत नाहीत, कोपऱ्यात कोणी लागत नाही. बायकोने लगेच किंमत विचारली.

स्पीकरमागून आवाज आला, "मग माझं काय रे?"

"त्याबाबत अद्याप निर्णय झालेला नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऐन उन्हाळ्यात, आई दोन शाली पांघरून खडूच्या खुणांत बसली होती. घामाने निथळत होती. "आता लाव गाणं," ती म्हणाली. "सुधारलाय का बघ."

सुधारला होता, हे मान्य करावं लागेल. नव्या स्पीकरचा प्रस्ताव तूर्त स्थगित आहे. तुमच्याकडेही बेस घुमत असेल, तर घाईने खरेदी करू नका. आधी कोपऱ्यातून कोणाला कुठे पाठवलंय ते आठवून बघा. तेवढ्यावर भागत असेल तर उगाच खर्च कशाला?